ग्लाइड पाथ: विमानाचा, अर्थमंत्र्यांचा आणि दातांच्या डॉक्टरांचा

मागच्या अंकात धावपट्टीच्या दिव्यांवर दोन शब्द लिहिले, त्यावर ग्लाइड पाथबद्दल, म्हणजे विमान ज्या तिरप्या रेषेवरून उतरतं तिच्याबद्दल, इतकी पत्रं आली की हे सदर या वेळी त्या एकाच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडी छाटली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

निवृत्त शिक्षक, कराड: अर्थसंकल्प आला की ‘फिस्कल ग्लाइड पाथ’, म्हणजे म्हणे सरकारची तूट खाली आणायचा रस्ता, हा शब्द कानावर आदळतो. एका वाहिनीवर तज्ज्ञ म्हणाले, सरकार ग्लाइड पाथवर आहे. दुसरीवर दुसरे म्हणाले, सरकारनं ग्लाइड पाथ केव्हाच सोडला. दोघांपुढे तुटीचा आकडा एकच होता. तुम्ही विमानतळावर नोकरी केलीत म्हणून तुम्हाला विचारतो, हा पाथ आहे तरी कुठे? आणि ग्लाइड म्हणजे घरंगळणं ना? मग यात कौतुक कसलं?

गुरुजी, घरंगळण्याचं आधी सांगते. इंजिनाशिवाय तरंगत खाली येणं हा अर्थ ग्लायडरपुरता खरा. प्रवासी विमान ग्लाइड पाथवर असतं तेव्हा त्याची इंजिनं चालू असतात. चाकं आणि पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, बाहेर काढलेले असतात, त्यांना हवा अडवते, ते भरून काढायला जोर लावावा लागतो. शिवाय ऐनवेळी पुन्हा वर उचलायची पाळी आली तर इंजिन झोपलेलं असून चालत नाही. तेव्हा ग्लाइड पाथवर असणं म्हणजे हातपाय न हलवता खाली येणं नव्हे. अर्थतज्ज्ञांनी शब्द उचलला तेव्हा हा भाग बहुधा विमानतळावरच राहिला.

आता पाथ कुठे असतो ते. नोकरीची बहुतेक वर्षं मी याच यंत्राच्या देखभालीवर होते, त्यामुळे इथे थोडी रेंगाळणार आहे, सांभाळून घ्या. धावपट्टी जिथे सुरू होते तिथून साधारण तीनशे मीटर आत आणि मध्यरेषेपासून शंभर-दीडशे मीटर बाजूला एक उंच लाल-पांढरा खांब उभा असतो. त्यावर दोन किंवा तीन अँटेना, पायथ्याशी एक छोटी केबिन. आमच्यात तिला ‘जीपी’ म्हणतात. मुंबईला उतरताना उजवी-डावीकडची खिडकी असेल तर नजरेला पडेल. या अँटेनातून ३३० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी निघतात आणि त्यांवर दोन सूर चढवलेले असतात, एक ९० हर्ट्झचा, दुसरा १५० चा. विमान जास्त उंचावर असलं तर ९० चा सूर भारी पडतो, खाली असलं तर १५० चा. दोन्ही सूर जिथे तोडीस तोड होतात ती तिरपी रेषा म्हणजे ग्लाइड पाथ. तिचा कल बहुतेक ठिकाणी तीन अंश. एका सागरी मैलामागे सुमारे ३१८ फूट उतार, म्हणजे धावपट्टीपासून दहा सागरी मैलांवर विमान तीन हजारांहून थोड्या अधिक फुटांवर हवं. लंडन सिटीसारख्या इमारतींनी वेढलेल्या विमानतळावर हाच कल साडेपाच अंश आहे आणि तिथे उतरायला विमानही त्या पात्रतेचं लागतं.

ही रेषा अँटेना एकटी काढत नाही, हे फारसं कुणाला माहीत नसतं. समोरची सपाट जमीन आरशासारखी वागते. थेट आलेल्या लहरी आणि जमिनीवरून उलटलेल्या लहरी मिळून तो तीन अंशांचा पडदा आकाशात तयार होतो. म्हणून त्या जमिनीची निगा म्हणजे यंत्राचीच निगा. पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागायला लागलं, खड्ड्यांत पाणी साचलं, की आमची झोप उडायची. गवत कापणाऱ्यांचा मुकादम दरवर्षी विचारायचा, ‘मॅडम, येवढ्याशा गवतानं विमान चुकतंय व्हय?’ एका गवतानं नाही चुकत. पण ओलं गवत भरपूर वाढलं की कोन हलायला लागतो, आणि ‘कॅटेगरी १’च्या, म्हणजे सर्वांत साध्या वर्गाच्या, यंत्रणेलाही तीन अंशांत पाव अंशाचीसुद्धा सूट नसते.

आणि सूट संपली की काय होतं? खांबाच्या पुढ्यात एक मॉनिटर अँटेना असते, ती सतत स्वतःच्याच लहरी तपासत बसते. कोन हद्दीबाहेर गेला की यंत्र आधी राखीव ट्रान्समीटरवर जातं. त्यानंही भागलं नाही तर सहा सेकंदांच्या आत प्रक्षेपण बंद करतं. जिथे धुक्यात अगदी खालपर्यंत उतरायची परवानगी असते तिथे दोनच सेकंद. वैमानिकाच्या पडद्यावर लाल खूण येते: ग्लाइड पाथ नाही. चुकीची रेषा दाखवण्यापेक्षा रेषाच न दाखवणं बरं, असा तो हिशेब आहे.

आता दिल्लीकडे वळू. २००३ साली एफआरबीएम कायदा, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाला शिस्त लावणारा कायदा, झाला आणि केंद्राची राजकोषीय तूट (उत्पन्नात न भागलेला, कर्ज काढून केलेला खर्च) जीडीपीच्या ३ टक्क्यांवर आणायची असं ठरलं. मुदत होती २००८-०९. आदल्या वर्षी तूट तीनच्या खाली आलीसुद्धा होती. मग तेल-खतांची अनुदानं, कर्जमाफी, वेतन आयोग, जगभरची मंदी, सगळं एकदम आलं आणि २००८-०९ ला तूट सहा टक्क्यांच्या घरात गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये आपले पुण्याचे विजय केळकर यांच्या समितीनं बजावलं की हातपाय हलवले नाहीत तर त्या वर्षीची तूट ६.१ टक्क्यांवर जाईल. महिन्याभरात पी. चिदंबरम यांनी नवी रेषा आखली: त्या वर्षी ५.३ आणि २०१६-१७ ला ३. अरुण जेटलींनी २०१५ मध्ये तीनची तारीख २०१७-१८ वर नेली, २०१७ मध्ये आणखी एक वर्ष पुढे. २०१८ मध्ये कायदाच दुरुस्त होऊन ती २०२०-२१ झाली. आणि २०२०-२१ उजाडलं ते कोविड घेऊन. त्या वर्षीची तूट ९.२ टक्के.

विमानाच्या बाबतीत असं होत नाही, कारण रेषेचं खालचं टोक जमिनीत रोवलेलं असतं. विमान उंच राहिलं म्हणून धावपट्टी चार मैल पुढे सरकत नाही. सरकारचा ग्लाइड पाथ मात्र विमानालाच बांधलेला: विमान जिथे असेल तिथून नवी रेषा खाली काढायची आणि म्हणायचं, आम्ही रेषेवर आहोत. याला आमच्याकडे ग्लाइड पाथ म्हणत नाहीत. अंदाजानं खाली येणं म्हणतात.

तुमच्या दोन तज्ज्ञांचं भांडण इथेच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्मला सीतारामन यांनी नवी रेषा दिली, २०२५-२६ पर्यंत साडेचार टक्क्यांच्या खाली. ही रेषा, खरं सांगायचं तर, नीट धरली गेली. सहाच्या वरून २०२३-२४ ला ५.६ आणि २०२५-२६ चा अंदाज ४.४. पहिले तज्ज्ञ या रेषेकडे बघून ‘पाथवर आहे’ म्हणाले. दुसऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून जुना तीन टक्क्यांचा खांब आहे, त्या हिशेबानं विमान अजून बरंच उंच आहे. दोघंही आपापल्या जागी खरे. यापुढे तर मोजमापच बदलतंय: २०२६-२७ पासून वार्षिक तुटीऐवजी केंद्राच्या एकूण कर्जावर लक्ष, मार्च २०३१ पर्यंत ते जीडीपीच्या ५० टक्क्यांवर, एक टक्का इकडे-तिकडे. पुढच्या वेळी कुणी ‘ग्लाइड पाथवर आहे’ म्हणालं तर एवढंच विचारा: कोणत्या साली आखलेल्या?

एका गोष्टीचं श्रेय मात्र देते. याच कायद्याचा फेरविचार करणाऱ्या एन. के. सिंग समितीनं २०१७ मध्ये सुटकेचं कलम सुचवलं: युद्ध, मोठं कृषी संकट अशा ठरावीक कारणांसाठीच तूट लक्ष्यापासून अर्धा टक्का ढळू शकते, आणि परत यायचा रस्ताही सांगावा लागेल. २०१८ मध्ये ते कायद्यात आलं आणि फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २०१९-२० या वर्षासाठी वापरलंही गेलं, ३.३ ऐवजी ३.८. हे विमानाच्या ‘गो अराउंड’च्या जवळ जातं. उतरणं जमत नाही असं दिसलं की वर उचलायचं, आणि किती उंचीवर, कोणत्या दिशेला, हे आधीच नकाशावर छापलेलं असतं. ऐनवेळी विचार करत बसायचं नाही. (त्या वर्षीची प्रत्यक्ष तूट पुढे ४.६ टक्के निघाली, ते निराळं.)

अर्थशास्त्राचा विद्यार्थी, नागपूर: रिझर्व्ह बँकेचाही महागाईचा ग्लाइड पाथ होता असं वाचलं. तो तरी खरा होता का? आणि महागाई रेषेच्या खाली गेली तर चांगलंच ना? मग विमान रेषेच्या खाली गेलं तर वाईट का?

होता, आणि मला तो आवडतो. ऊर्जित पटेल तेव्हा रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते. त्यांच्या समितीनं जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारलेली महागाई तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपास फिरत होती. समितीनं सांगितलं: बारा महिन्यांत ८ टक्के, चोवीस महिन्यांत ६, आणि त्यानंतर ४, दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची मोकळीक. इथे खालचं टोक रोवलेलं होतं, दोन टप्प्यांवर उंची सांगितलेली होती आणि तारखाही. जानेवारी २०१५ मध्ये महागाई पाच टक्क्यांच्या थोडी वर होती, जानेवारी २०१६ मध्ये सहाच्या आत. धोरणाचा वाटा होताच, पण २०१४ च्या मध्यापासून कच्च्या तेलाचे भाव कोसळले हेही विसरू नकोस. वैमानिकाचं कसब किती आणि वाऱ्याची मदत किती, हे उतरल्यावर वेगळं काढणं अवघड असतं.

खाली-वरचा तुझा प्रश्न चांगला आहे, कारण लाक्षणिक वापरात इथेच गफलत होते. कॉकपिटच्या पडद्यावर ग्लाइड पाथचा छोटा हिरा दिसतो, जुन्या यंत्रात आडवी सुई. हिरा वर सरकला तर विमान खाली आहे, हिरा खाली गेला तर विमान वर आहे. दोन ठिपक्यांपर्यंत सरकला की विमान रेषेपासून सुमारे पाऊण अंश ढळलेलं असतं. खाली गेलं तर डोंगर, इमारती, जमीन. त्यासाठी ‘ग्लाइडस्लोप, ग्लाइडस्लोप’ (ग्लाइड पाथचंच दुसरं नाव) असं ओरडणारं यंत्र असतं. पण वर राहणंही निर्धास्त नाही, आणि हे प्रवाशांना पटत नाही.

२२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. विमानात १६६ जण होते, १५८ गेले. ते विमान रेषेच्या खाली नव्हतं, वर होतं. धावपट्टीच्या तोंडाशी पन्नास फुटांवर असायला हवं तिथे ते सुमारे दोनशे फुटांवर होतं, वेगही ठरल्यापेक्षा जास्त. आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती सुमारे ५,२०० फूट संपल्यावर. सहवैमानिकानं ‘गो अराउंड’ म्हटलेलं व्हॉइस रेकॉर्डरवर आहे. चौकशी अहवालानं मुख्य ठपका ठेवला तो यावरच: उतरणं स्थिर नव्हतं, तरी ते सोडलं नाही.

तेव्हा विमानात दोन्ही बाजू वाईट. महागाईतही तसंच मानतात, फक्त खालच्या बाजूचा धोका आपल्याकडे कमी अनुभवाला येतो. जपाननं भावच चढत नाहीत या दुखण्याशी वर्षानुवर्षं झुंज दिली. म्हणून चार टक्क्यांच्या खालीही दोनची हद्द आखलेली आहे.

तू अर्थशास्त्राचा आहेस म्हणून आणखी एक सांगते, ही उपमा तुमच्याकडे अजून कुणी नेलेली मला दिसली नाही. तीन अंशांच्या खऱ्या रेषेच्या बरीच वर, नऊ अंशांच्या आसपास, एक खोटी रेषा तयार होते. जमिनीवरून उलटलेल्या लहरींचाच तो खेळ, यंत्रात बिघाड नसतो. तिथेही दोन सूर समसमान होतात, हिरा मधोमध येतो आणि सगळं आलबेल दिसतं. म्हणून ग्लाइड पाथ नेहमी खालून धरायचा, वरून नाही, हे वैमानिकाला पहिल्यापासून शिकवतात. आणि सुई मध्यावर असली तरी अंतर आणि उंचीचं गणित स्वतः पडताळून बघायचं. महसुलाचा फुगवलेला अंदाज धरून काढलेली तूट बघितली की मला ती नऊ अंशांची रेषा आठवते. सुई मध्यावर असते तिथेही.

बँक कर्मचारी, नाशिक: माझं वय ४७. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, ‘ऑटो चॉइस’ घेतला होता, त्यातला एलसी-५० हा प्रकार. आता बघते तर शेअर बाजारातला माझा वाटा २६ टक्क्यांवर आला आहे. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. विचारलं तर एजंट म्हणाला, ‘मॅडम, तो ग्लाइड पाथ आहे.’ हे काय प्रकरण आहे आणि मी काळजी करू का?

चूक काहीच झालेली नाही, हिशेब बरोबर आहे. एलसी-५० मध्ये पस्तीस वर्षांपर्यंत निम्मे पैसे शेअरमध्ये असतात. पुढे दर वाढदिवसाला दोन टक्के कमी. सत्तेचाळीसला बारा वर्षं झाली, चोवीस टक्के गेले, उरले सव्वीस. पंचावन्नाव्या वर्षी दहा टक्के उरतील आणि ऐंशी टक्के सरकारी रोख्यांत असतील. एलसी-७५ ची रेषा ७५ वरून १५ वर येते, एलसी-२५ ची २५ वरून ५ वर. वय वाढेल तशी जोखीम उतरवत न्यायची, एवढीच कल्पना. ग्लाइड पाथ हे तिचं नाव अमेरिकेतल्या निवृत्ती फंडांकडून आलं, तिथे अशा फंडाच्या नावातच उतरायचं साल असतं, २०३०, २०४० असं.

या रेषेचा एक गुण मला इंजिनिअर म्हणून पटतो: ती बाजाराकडे बघत नाही. सेन्सेक्स उसळला म्हणून ती थांबत नाही, कोसळला म्हणून घाबरत नाही. वाढदिवस आला की दोन टक्के. अर्थमंत्र्यांना ही शिस्त कुणीतरी लावायला हवी.

पण नावावर जाऊ नका, रेषेची शेवटची उंची बघा. २००८ साली अमेरिकेत ज्यांच्या नावात २०१० होतं, म्हणजे उतरायला दोन वर्षं उरली होती, त्या फंडांपैकी काहींनी एका वर्षात चाळीस टक्क्यांच्या आसपास गमावले. सगळ्यांची सरासरी काढली तरी जवळजवळ पाव भांडवल गेलं. कारण काहींच्या रेषा इतक्या उंचावरून जात होत्या की निवृत्तीच्या तोंडावरही निम्म्याच्या वर पैसा शेअरमध्ये होता. त्यांचं म्हणणं, आमची रेषा निवृत्तीला संपत नाही, पुढे वीस वर्षं चालते. माहितीपत्रकात ते लिहिलेलं होतं. नावात २०१० वाचून पैसे भरणाऱ्याला कोण सांगणार?

तुमच्या बाबतीत उलटा प्रश्न आहे. एलसी-५० पंचावन्नलाच खाली टेकतं, तुम्ही निवृत्त होणार साठाव्या वर्षी. शेवटची पाच वर्षं विमान धावपट्टीवर नुसतं चालत राहणार. काहींना हे सुखाचं वाटतं, काहींना महागाईपुढे कमी वाटतं. २०२४ पासून एक पर्याय आणखी आला आहे, ज्यात घट पस्तीसऐवजी पंचेचाळीसपासून सुरू होते आणि पंचावन्नला ३५ टक्के शेअर उरतात. कोणता घ्यावा हे मी सांगणार नाही, मी अँटेनावाली. पेन्शनशिवाय घरात दुसरं काय काय आहे हे मांडून सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारा, एजंटाला नको.

दंतवैद्य, कोल्हापूर: ताई, तुम्हाला माहीत आहे का, आमच्याकडेही ग्लाइड पाथ असतो! रूट कॅनॉल करताना आम्ही रोज तो ‘बनवतो’. पेशंटसमोर म्हटलं की ते छताकडे बघतात.

डॉक्टर, तुमच्या पत्रानं या महिन्याचं सार्थक झालं. विचारपूस केली, वाचलं, आणि आता वाचकांना माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर कान धरा.

दाताच्या मुळातली नळी सरळ नसते. वाकडी, निमुळती, कधी कॅल्शियम साचून बुजत आलेली. मोटरवर फिरणारी निकेल-टायटॅनियमची फाइल तशीच आत घातली तर टोक अडकतं आणि फाइल तुटून आतच राहते. म्हणून आधी हातानं अगदी बारीक फाइल, नंबर १०, जिचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं, हळूहळू मुळाच्या टोकापर्यंत न्यायची. मग नंबर १५. नळीच्या तोंडापासून टोकापर्यंत गुळगुळीत, कुठेही पायरी नसलेला रस्ता तयार झाला की त्याला ग्लाइड पाथ म्हणायचं, आणि मग मोटर लावायची.

गंमत म्हणजे तुमच्या वापरात शब्दाची बाजूच पालटली. विमानात रस्ता आधीच असतो आणि विमानानं त्यावर यायचं. तुमच्याकडे रस्ता नसतोच, तो कोरावा लागतो, आणि मग कुणीतरी दुसरं त्यावरून जातं. तरीही मला तुमचा वापर अर्थमंत्र्यांपेक्षा प्रामाणिक वाटतो. नळीचं टोक कुठे आहे हे एक्स-रे आणि अपेक्स लोकेटर सांगतात, ते पुढच्या वर्षी ढकलता येत नाही. आणि नंबर १० खालपर्यंत गेली नाही तर तुम्ही ‘गेली’ असं म्हणत नाही. म्हणत असाल तर ते पेशंटला रात्री कळतं.

वाचक, डेन्व्हर, अमेरिका: इथे राष्ट्रीय उद्यानांतल्या धुरक्याच्या अहवालात ‘ग्लाइडपाथ’ वाचला. ग्रँड कॅन्यनला विमान कुठे उतरतं?

ग्रँड कॅन्यनला खरंच एक विमानतळ आहे, पण तुम्ही वाचलंत ते दृश्यमानतेबद्दल. १९९९ च्या अमेरिकी धुरके-नियमानुसार १५६ राष्ट्रीय उद्यानं आणि रानांमधली हवा २०६४ पर्यंत निसर्गतः जितकी स्वच्छ असेल तितकी करायची आहे. २०००-०४ ची स्थिती हे वरचं टोक, २०६४ हे खालचं, मधली सरळ रेषा म्हणजे ग्लाइडपाथ. रेषेच्या वर असलं म्हणजे नियम मोडला असं नाही. राज्यानं कारण द्यायचं आणि काय करतोय ते सांगायचं. दुसऱ्या देशांतून आलेल्या धुरासाठी रेषा सुधारून घ्यायची सोयही आहे. तेव्हा याला मोजपट्टी म्हणा, आज्ञा नव्हे. साठ वर्षांची रेषा आखणाऱ्यांच्या धीराचं मात्र कौतुक वाटतं. ज्यांनी आखली त्यांतले फार थोडे खालच्या टोकाला हजर असतील.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, रत्नागिरी: ‘सॉफ्ट लँडिंग’ आणि ग्लाइड पाथ एकच ना?

नाही गं. ग्लाइड पाथ म्हणजे येण्याचा रस्ता, सॉफ्ट लँडिंग म्हणजे टेकण्याची तऱ्हा. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर अलगद उतरला. तिथे हवाच नाही, तरंगत येण्याचा प्रश्नच नव्हता, इंजिनांनी वेग मारतच तो खाली आला. अर्थशास्त्रात महागाई उतरते पण मंदी येत नाही, नोकऱ्या टिकतात, तेव्हा सॉफ्ट लँडिंग झालं म्हणतात. रस्ता अचूक धरूनही चाकं दणकन आपटू शकतात. मुंबईच्या पावसात मुद्दाम थोडं ठासून उतरवतात, ओल्या धावपट्टीवर चाकांची पकड लवकर यावी म्हणून. तेव्हा मागच्या सीटवरून ‘काय हा पायलट’ म्हणू नकोस.

ब्लॅक बॉक्स नारिंगी का असतो आणि मानसशास्त्रवाले तो शब्द कुठून वापरतात, अशी तीन पत्रं शिल्लक आहेत. ती पुढच्या अंकात. आणि विमानातल्या जेवणाबद्दलची पत्रं कृपा करून मला पाठवू नका, माझं खातं ते नाही.